राजाच्या हाताजवळचीं माणसें



'हुजऱ्या' हा शब्द आज आपण जवळजवळ शिवीसारखा वापरतों. कोणी वरिष्ठाच्या मागेंमागें फिरूं लागला, त्याची छत्री धरूं लागला, कीं लोक म्हणतात, "हा साहेबांचा हुजऱ्या." या शब्दांत भरलेल्या तुच्छतेमुळें आपली अशी समजूत होऊन बसली आहे कीं, राजाला पाणी देणारा, विडा देणारा, हात धुण्यासाठीं तस्त पुढें करणारा मनुष्य म्हणजे राज्यकारभाराच्या हिशेबांत शून्य. शाळेंत इतिहास शिकवीत असतां मीही ही समजूत पुष्कळ वर्षें बाळगली. वजीर, सेनापति, सुभेदार यांचीं नांवें फळ्यावर लिहावयाचीं, सनावळी पाठ करून घ्यावयाची आणि धडा संपवावयाचा, असा माझा क्रम होता.

एकदां सिहोऱ्याच्या वर्गांत जलालुद्दीनाची गोष्ट निघाली. चेंगीझखानानें ज्याचा सिंधु नदीपर्यंत पाठलाग केला आणि ज्यानें १२२१ मध्यें घोड्यासह नदींत उडी घातली, तो हा ख्वारिज्मचा शहाजादा. बोलण्याच्या ओघांत मी सांगून गेलों कीं, याच्या घराण्याचा मूळ पुरुष सेल्जुक सुलतानाच्या पदरीं तस्त धरणारा गुलाम होता. मागच्या बाकावरील एका मुलानें लगेच विचारलें, "गुरुजी, तस्त धरणाऱ्याला राज्य कसें मिळालें?" मी म्हणालों, "नशिबानें." तास संपला, पण तें उत्तर मला पुढें फार दिवस टोंचत राहिलें. नशीब एखाद्याचें उघडतें. परंतु काहिरापासून दिल्लीपर्यंत आणि दिल्लीपासून आपल्या दक्षिणेपर्यंत एकाच प्रकारच्या नोकरांचें नशीब शतकानुशतकें उघडत राहिलें, तर त्याला नशीब म्हणून भागत नाहीं. त्या मुलाला जें उत्तर द्यावयास हवें होतें, तें आज येथें देण्याचा प्रयत्न करतों.

प्रथम या नोकऱ्या काय होत्या तें पाहूं. 'साकी' म्हणजे पेय भरून देणारा. 'आबदार' म्हणजे पाण्याचा अधिकारी. 'तस्तदार' हा हात धुण्याचें तस्त व झारी सांभाळी. 'चाशनीगीर' हा राजाच्या ताटांतील पदार्थ आधीं स्वतः चाखून पाही. 'दवातदार' दौत व कलमदान बाळगी. हिंदुस्थानांत यांच्या जोडीला विडा देणारा 'तांबूलदार' आला. साकी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गझलेंतील मदिरेचा प्याला येतो. परंतु दरबारांतील साकीच्या हातीं पाणी असे, सरबत असे आणि मद्यही असे. इस्लामी धर्मशास्त्रांत मद्य निषिद्ध आहे. तरीही मद्याची बैठक ही जुन्या इराणी बादशहांपासून चालत आलेली राजरीत होती, आणि धर्मशास्त्र व राजरीत यांची ओढाताण या दरबारांतून कधींच मिटली नाहीं. अल्लाउद्दीन खिलजीनें दिल्लींत मद्यबंदी केली तेव्हां आपल्या स्वतःच्या बैठकींतील कांचेचीं व चिनी मातीचीं पात्रें फोडविलीं, असें बरनी हा इतिहासकार सांगतो. सुलतानाचा हा हुकूम धर्मभीरुतेंतून निघाला नव्हता. बंडें कां होतात याचा विचार करतां, सरदार मद्याच्या बैठकींत एकत्र जमतात, मनें मोकळीं करतात आणि तेथेंच कट शिजतात, असा निष्कर्ष निघाला होता. प्याल्याचें राजकारण अल्लाउद्दीनाला आपल्यापेक्षां नीट कळलें होतें म्हणावयाचें.

आतां या नोकरीचें सामर्थ्य कशांत होतें? राजाला विषाचें भय अहोरात्र असे. अबुल फजलानें 'ऐन-ई-अकबरी'मध्यें अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन दिलें आहे, तें या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. बादशहा गंगेचें पाणी पीत असे. नदीच्या कांठीं विश्वासू माणसें बसविलेलीं असत. तीं घडे भरून त्यांवर मोहोर करीत व मग ते घडे बादशहाकडे रवाना होत. मुदपाकखान्यांतील अन्नही असेंच मोहोरबंद होऊन, चाखलें जाऊन, मग पुढें येई. एवढा बंदोबस्त केला तरी शेवटीं मोहोर फोडणारा आणि पात्र राजाच्या हातीं देणारा मनुष्य उरतोच. त्याच्यावर पहारा कोण ठेवणार? तेथें विश्वासच ठेवावा लागतो. ज्याच्यावर राजानें आपला प्राण सोंपविला, त्याच्यावर एखादा सुभा सोंपविणें त्याला जड वाटत नसे, हें उघड आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. वजीराची भेट दरबारांत, ठरल्या वेळीं, दहा माणसांच्या देखत होई. साकीची भेट दिवसांतून कितीदां तरी होई. आणि ती अशा वेळीं, कीं जेव्हां राजाचा मुखवटा उतरलेला असतो. राजा कोणावर चिडला आहे, त्याची प्रकृति कशी आहे, रात्रीं झोंप लागली कीं नाहीं, हें त्याला वजीराच्या आधीं कळे. अर्ज दरबारांत वाचला जाण्यापूर्वीं राजाच्या कानीं चांगल्या किंवा वाईट अर्थानें घालणें त्याच्या हातीं होतें. शिवाय हे नोकर बहुधा गुलाम असत. आपल्याकडे 'गुलाम' म्हटलें म्हणजे निराळें चित्र उभें राहतें; तिकडे लहानपणीं विकत घेतलेला, राजवाड्यांत वाढविलेला, भाऊबंद नसलेला मुलगा हा राजाला स्वतःच्या भावापेक्षां अधिक भरंवशाचा वाटे, कारण भाऊ गादीचा वांटेकरी असतो आणि गुलाम नसतो. सेल्जुकांचा सुप्रसिद्ध वजीर निजाम-उल्-मुल्क यानें 'सियासतनामा' या आपल्या ग्रंथांत, राजानें आपल्या बैठकींतील सोबत्यांना राज्याचे अधिकार देऊं नयेत, असा इशारा दिला आहे. इशारा द्यावा लागला, यावरूनच व्यवहार काय होता तें समजतें.

त्याच सेल्जुकांच्या दरबारांतला आमचा तस्तदार. त्याचें नांव अनुश्तगीन. मलिकशहा सुलतानाच्या काळांत, १०७७ च्या सुमारास, त्याला ख्वारिज्म प्रांताचा अधिकार मिळाला. कसा? जुवैनी या इतिहासकारानें याचें जें कारण दिलें आहे तें मला फार मार्मिक वाटतें. सुलतानाच्या प्रत्येक खाजगी खात्याचा खर्च एकेका प्रांताच्या उत्पन्नांतून चालत असे, आणि तस्तखान्याचा खर्च ख्वारिज्मच्या वसुलावर नेमलेला होता. म्हणजे तस्ताचा अधिकारी तो प्रांताचाही अधिकारी. त्याचा मुलगा १०९७ मध्यें ख्वारिज्मशहा झाला, पुढें वंशजांनीं धन्याचेंच राज्य गिळलें, आणि शेवटीं चेंगीझखानाची गांठ पडली. मागच्या बाकावरील त्या मुलाला नशीब न सांगतां मीं हा हिशेब सांगावयास हवा होता.

दिल्लीस अल्तमशच्या पदरीं तुघान खान नांवाचा एक तुर्क गुलाम होता. तो आधीं खासा साकी झाला. मग दवातदार झाला आणि तेथें सुलतानाचें रत्नजडित कलमदान हरवून बसला. सुलतानानें त्याला शिक्षा केली, पण दूर केलें नाहीं, चाशनीगीर नेमलें. म्हणजे कलमदान सांभाळतां न आलेल्या माणसावर अन्नाची परीक्षा सोंपविली! यावर आपल्याला हंसूं येईल. परंतु विसराळू माणूस विषारी नसतो, हें सुलतान जाणून होता. पुढें तो तबेल्याचा मुख्य, मग बदाऊंचा जहागीरदार, आणि अखेर लखनौतीचा म्हणजे बंगालचा अधिपति झाला. मिनहाज-ए-सिराज यानें असल्या गुलाम सरदारांचीं चरित्रें क्रमानें लिहून ठेवलीं आहेत. त्यांतल्या कितीकांची सुरुवात राजाच्या अंगाजवळच्या एखाद्या भांड्यापासून झालेली दिसते.

इजिप्तच्या मम्लूक सुलतानांकडे तर साकीचा प्याला हें मानचिन्ह होऊन गेलें. साकी म्हणून काम केलेले सरदार आपल्या इमारतींवर, दिव्यांवर, भांड्यांवर प्याल्याची आकृति कोरवीत. नासिर मुहम्मद सुलतानाचा साकी बक्तमुर याच्या संपत्तीला सीमा नव्हती. १३३२ च्या सुमारास सुलतानाबरोबर हजला गेला असतां परतीच्या वाटेवर तो आणि त्याचा मुलगा दोघेही मेले, आणि सुलतानानेंच विष दिलें असा संशय घेतला गेला. दुसरा साकी कौसून. हा १३२० मध्यें एका मंगोल राजकन्येच्या लवाजम्याबरोबर व्यापार करीत काहिरास आला, सुलतानाच्या नजरेस भरला, साकी झाला, सुलतानाचा जांवई झाला. आणि १३४१ मध्यें सुलतान वारल्यावर त्यानें एका लहान मुलाला गादीवर बसवून कांहीं महिने सारें राज्य स्वतः चालविलें. पुढच्याच वर्षीं अलेक्झांड्रियाच्या तुरुंगांत त्याचा अंत झाला.

हें सर्व दूरचें झालें. आतां आपल्या दक्षिणेंत येऊं. १३४७ मध्यें दौलताबादेस दिल्लीविरुद्ध बंड करून अल्लाउद्दीन हसन गादीवर बसला आणि बहमनी राज्य सुरू झालें. या राज्याचे जे चार मोठे विभाग पडले त्यांत दौलताबाद एक व वऱ्हाड दुसरा. तेव्हां हा इतिहास परक्याचा नव्हे, आपल्याच मुलखाचा आहे. राजधानी आधीं गुलबर्ग्यास व मागाहून बिदरास होती. यासंबंधींची बहुतेक हकीगत आपल्याला मुहम्मद कासीम फिरिश्ता याच्या ग्रंथांत मिळते. फिरिश्ता विजापुरास बसून सतराव्या शतकाच्या आरंभीं लिहीत होता. म्हणजे मी सांगणार आहें त्या प्रसंगांनंतर सव्वादोनशें वर्षांनीं. म्हणून संवाद, हावभाव असला तपशील जरा हात राखूनच घ्यावा हें बरें. पण फिरिश्ता स्वतः तरुणपणीं अहमदनगरच्या निजामशाही दरबारांत नोकरीस होता, आणि दरबार आंतून कसा असतो हें त्याला कोणी शिकवावयास नको होतें.

दुसरा बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा. त्याच्या बैठकीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गवयांचें गाणें रंगलें होतें, मद्य चाललें होतें, आणि सुलतानानें खुशींत येऊन हुकूम केला कीं, या गवयांची बिदागी विजयनगरच्या रायाच्या खजिन्यावर वरात काढून द्यावी! वजीर सैफुद्दीन घोरी यानें हा मद्याचा उद्गार समजून वरात पाठविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुलतानानें चौकशी केली, आणि आपला शब्द म्हणजे थट्टा नव्हे असें बजावून ती वरात खरोखरच रवाना करविली. विजयनगरच्या बुक्करायानें वरात आणणाऱ्याला गाढवावर बसवून शहरांत मिरविलें व घालवून दिलें. १३६६ च्या भयंकर युद्धाचें निमित्त फिरिश्त्यानें हें दिलें आहे. दोन्ही राज्यांचें वैर जुनें होतें, रायचूर दुआबाचा तंटा होताच. गवयांच्या बिदागीसाठीं एवढी मोठी लढाई झाली असें कोणी समजूं नये. परंतु तिचा मुहूर्त बैठकींत ठरला, दिवाणखान्यांत नव्हे, एवढें या गोष्टीवरून घ्यावें. आणि तह होतांना गवयांचे पैसे वसूल झाल्याशिवाय सुलतान राहिला नाहीं, असेंही फिरिश्ता लिहितो.

याच मुहम्मदशहाचा तांबूलदार मुबारक हा माझ्या आजच्या कथेचा मुख्य मनुष्य आहे. विड्याला आपल्याकडे किती अर्थ आहेत हें श्रोत्यांना सांगावयास नको. कामगिरी पत्करणें म्हणजे विडा उचलणें; निरोप द्यावयाचा तर विडा; मान करावयाचा तर विडा. हिंदु राजांकडून ही रीत मुसलमान सुलतानांनीं जशीच्या तशी उचलली, आणि इराणांत जें स्थान साकीला होतें त्याच्या शेजारीं दक्षिणेंत तांबूलदार येऊन बसला. त्याच्या हातचें पान राजाच्या मुखांत जाई, आणि राजाच्या हातचें पान सरदाराच्या मुखांत जाई. दोन्ही वेळां तबक त्याच्याच हातीं.

सुलतानाचा मुलगा मुजाहिद हा अंगानें धिप्पाड व स्वभावानें उद्दाम होता. लहानपणीं त्यानें एकदां बापाचा खजिना फोडून मोहरांच्या थैल्या काढल्या व आपल्या सवंगड्यांना वांटून टाकल्या. सुलतानाला हें कळलें तेव्हां त्यानें मुलाला बोलावण्यास आपल्या विश्वासांतला मनुष्य पाठविला. हा मनुष्य म्हणजे मुबारक तांबूलदार. मुलगा आला, आणि बापानें त्याला रक्त निघेपर्यंत चाबकानें मारलें. राजपुत्राचा राग बापावर निघूं शकत नव्हता. बोलावणें कशासाठीं आहे हें मुबारकानें आपल्याला आधीं सांगितलें नाहीं, सांगितलें असतें तर आपण कांहीं तोड काढली असती, असें त्याच्या मनानें घेतलें. आईनें समजूत घातली, तेव्हां तो वरकरणी शांत झाला. मग कांहीं दिवसांनीं त्यानें मुबारकाला हंसतहंसत कुस्तीचें आव्हान दिलें. चौदा वर्षांचा पोर तो. मुबारक तयार झाला. मुजाहिदानें त्याला असा आपटला कीं, त्याची मान मोडली.

या गोष्टींत मुबारकाचा दोष काय होता? त्यानें धन्याचा हुकूम पाळला. पण राजघरांतल्या नोकराला एक धनी नसतो; आजचा धनी असतो आणि उद्यांचा धनी असतो, आणि त्या दोघांचें पटत नसलें म्हणजे नोकराला कोणत्याही बाजूनें सुटका नसते. राजाच्या जवळ असण्याची हीही एक किंमत होती. सत्तेबद्दल आपण बोलत आहोंत, तर ही किंमतही त्याच हिशेबांत धरली पाहिजे.

मुबारकाला मुलगा होता. त्याचें नांव मसूदखान.

मुहम्मदशहा १३७५ मध्यें वारला व मुजाहिद गादीवर आला. त्यानें विजयनगरवर स्वारी केली. या स्वारींत त्याचा चुलता दाऊदखान यानें नेमून दिलेली जागा सोडली, म्हणून सुलतानानें त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. दाऊदखान मनांत जळत राहिला. १३७८ मध्यें लष्कर परत फिरलें असतां, वाटेंत मुक्कामावर सुलतानाचे डोळे दुखूं लागले व तो आपल्या डेऱ्यांत पडून राहिला. दाऊदखान अपमानाचा सूड घेण्यास टपला होता. पण सुलतानाच्या डेऱ्यांत शिरावयाचें म्हणजे आंतलें माणूस हवें. तें माणूस तयारच होतें. तांबूलदाराचा मुलगा मसूदखान त्याच्याबरोबर निघाला.

मध्यरात्रीं ते आंत शिरले तेव्हां सुलतानापाशीं एकच मनुष्य होता, पाय चेपणारा एक हबशी गुलाम. उघडे जंबिये पाहून तो ओरडला. सुलतान जागा झाला, पण दुखऱ्या डोळ्यांनीं त्याला नीट दिसेना. दाऊदखानानें त्याच्या पोटांत जंबिया खुपसला. त्या स्थितींतही मुजाहिदानें त्याचा हात पकडून धरला. हबशी गुलामाच्या हातांत शस्त्र नव्हतें. तो रिकाम्या हातांनीं मसूदखानावर तुटून पडला. मसूदखानानें तलवारीनें त्याला तोडलें, आणि मग सुलतानावर शेवटचा घाव घातला.

दाऊदखान गादीवर आला. त्यालाही राज्य लाभलें नाहीं. मुजाहिदाची बहीण रूहपर्वर आगा हिनें मारेकरी घालून महिन्याभरांत त्याला गुलबर्ग्याच्या मशिदींत नमाजाच्या वेळीं मारविलें. सनावळींत या सर्वाला एक ओळ मिळते: मुजाहिद, १३७५ ते १३७८, चुलत्याकडून खून. 'चुलत्याकडून' हा शब्द खोटा नाहीं, पण अपुरा आहे. तबक धरणाऱ्याच्या घरांत एक मृत्यु झाला होता, आणि चुलत्याच्या बरोबरीनें त्या घराचा हिशेबही त्या रात्रीं चुकता झाला, हें त्या एका ओळींत बसत नाहीं.

पुढचीं उदाहरणें थोडक्यांत सांगतों. १३९७ मध्यें तुर्की गुलामांचा मुख्य तगलचीन यानें तरुण सुलतान गियासुद्दीन याला मेजवानीच्या निमित्तानें आपल्या घरीं नेऊन त्याचे डोळे काढले. १४८१ मध्यें महमूद गवान या थोर वजीराचा वध झाला. बिदरचा मद्रसा ज्यानें बांधला तोच हा. त्याच्या शत्रूंनीं गवानाची मोहोर सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशीं सलगी केली, त्याला भेटी दिल्या, आणि एके दिवशीं तो दारूच्या अंमलांत असतां घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर गवानाची मोहोर उमटवून घेतली. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला फितुरीचें पत्र लिहिलें, आणि मद्यपान केलेल्या सुलतानापुढें योग्य वेळ साधून तें ठेवलें. चौकशी झाली नाहीं. सत्तरी उलटलेल्या वजीराचें मस्तक तेथेंच उडविलें गेलें. तिसरा मुहम्मदशहाही वर्ष पुरें होण्यापूर्वीं वारला. येथें दोन प्याले आहेत, एक चाकराचा आणि एक राजाचा, आणि दोहोंच्या मधोमध बहमनी राज्याचा उत्तम मुत्सद्दी चिरडला गेला. या कथेवरून आम्ही मास्तर लोक वर्गांत मद्यपाननिषेधाचा पाठ देत असूं. तो पाठ चांगलाच आहे, परंतु इतिहास म्हणून पुरेसा नाहीं. सुलतान शुद्धीवर असता तरी दुसरी वेळ साधली गेली असती. सबंध राज्याचा न्याय एका माणसाच्या मनःस्थितीवर टांगलेला असला, म्हणजे त्या मनःस्थितीची खबर ज्याला असते तोच अर्धा न्यायाधीश होतो.

अहमदनगरला मुर्तजा निजामशहाचा चंगीजखान नांवाचा कर्तबगार मंत्री होता. १५७४ मध्यें वऱ्हाड निजामशाहींत आलें तें मुख्यतः त्याच्या पराक्रमानें. गोवळकोंड्याच्या वकिलानें त्याला द्रव्य देऊं केलें, तें त्यानें नाकारलें. मग वकिलानें राजाचा लाडका साहिबखान याला हातीं धरलें. चंगीजखान वऱ्हाडांत स्वतंत्र होऊं पाहत आहे, असें साहिबखानानें मुर्तजाच्या मनांत भरविलें, आणि राजानें वैद्याच्या हातून विषाचा प्याला पाठविला. चंगीजखानानें तो ओळखून घेतला. साहिबखान वजीर नव्हता, सेनापति नव्हता. त्याची जागा राजाच्या शेजारीं होती, एवढेंच. याच चंगीजखानानें विकत घेतलेला एक हबशी गुलाम पुढें मलिक अंबर म्हणून सर्व हिंदुस्थानांत गाजला, हें जातां जातां सांगून ठेवतों.

हीं खातीं मराठ्यांच्या राज्यांतही आलीं. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादींत आबदारखाना आहे, शरबतखाना आहे, मुदपाकखाना आहे. (त्यांतला दारूखाना मात्र बंदुकीच्या दारूचा, विद्यार्थी दरवर्षीं येथें हंसत.) नांवें फारसी राहिलीं, पण व्यवस्था बदलली. महाराजांचा कटाक्ष मुलूख तोडून न देतां रोख वेतन देण्यावर होता. तस्तखान्याच्या खर्चासाठीं प्रांत आणि प्रांताबरोबर गादी, ही वाट त्यामुळें बंद झाली. कारखान्याचा हिशेब दफ्तरांत येई. माझ्या मतें स्वराज्याच्या कारभारांतील हा भाग तलवारीच्या पराक्रमाइतकाच अभ्यासण्यासारखा आहे.

परंतु अंगाजवळचीं माणसें कोणत्याही व्यवस्थेनें नाहींशीं होत नाहींत. आमच्या भंडारा भागावर ज्या नागपूरकर भोसल्यांचें राज्य होतें, त्यांच्याकडे १८१६ मध्यें दुसरे रघुजी वारल्यावर दुर्बळ प्रकृतीचे परसोजी गादीवर आले. तेव्हां झगडा झाला तो खजिना आणि राजाची व्यक्ति यांचा ताबा कोणाकडे असावा, याच गोष्टीसाठीं. तो ताबा धर्माजी भोसल्याकडे होता. आप्पासाहेबांनीं धर्माजीला नाहींसा करून तो घेतला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी शय्येवर मृतावस्थेंत आढळले, आणि पुढें त्याचा आळ आप्पासाहेबांवर आला. शय्येपर्यंत कोण पोंचूं शकत होता, हाच तेथेंही प्रश्न.

आणि पुण्याचा ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस तर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. गारदी शनिवारवाड्यांत शिरले, अठरा वर्षांचा नारायणराव चुलत्याच्या गळ्याला मिठी मारून बसला. तेव्हां त्याचा पाय धरून त्याला ओढणारा तुळाजी पवार हा राघोबादादांचा खिदमतगार होता, आणि त्याच्या मनांत जुना राग होता असें सांगतात. त्याच क्षणीं नारायणरावाच्या अंगावर आपलें अंग टाकून घाव झेलणारा चाफाजी टिळेकर हाही खिदमतगारच. मुजाहिदाच्या डेऱ्यांतील ती रात्र आणि हा दिवस यांत जवळजवळ चारशें वर्षांचें अंतर आहे. तिकडे चुलता आहे, इकडे चुलता आहे. तिकडे सूड घेणारें नोकराचें घर आहे, इकडे राग धरलेला नोकर आहे. आणि दोन्हीकडे रिकाम्या हातांनीं मध्यें पडून मेलेला एकेक चाकर आहे. फरक एवढाच कीं, टिळेकराचें नांव आपल्याला माहीत आहे. फिरिश्त्यानें मारणाऱ्या मसूदखानाचें नांव लिहिलें, त्याच्या बापाचेंही लिहिलें. सुलतानाचे पाय चेपतां चेपतां उठून उघड्या तलवारीवर गेलेल्या त्या हबशाचें नांव मात्र लिहिलें नाहीं.